सासूबाईंचं नाव कुठल्या रेशनकार्डावर आहे?

आजचा विषय दवाखान्याचा आहे, पण सुरुवात रेशनकार्डापासून करायची आहे. हातातलं काम चालू राहू द्या. शेंगा फोडत असाल तर फोडा, भाकरी थापत असाल तर थापा. फक्त आपलं बोलणं संपलं की एकदा उठून ट्रंकेतलं रेशनकार्ड बाहेर काढा आणि त्यावर घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं नाव आहे का, ते बघा.

असं का म्हणतोय, ते सांगतो. आमच्याच गटातल्या एका ताईंच्या सासूबाई मागच्या पावसाळ्यात मोरीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. धाकट्या मुलाने गाडी करून त्यांना तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथे आधी अनामत मागितली. घरात तेवढे पैसे कुठले? ताईंनी गळ्यातलं गहाण टाकलं, थोडे आम्ही गटातून काढून दिले. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी आमच्यातल्या दोघी डबा घेऊन गेल्या, तर औषधाच्या दुकानाशेजारी टेबल, त्यावर पाटी आणि पाटीवर महात्मा फुले योजनेचं नाव! म्हणजे दवाखाना योजनेतला होता. आम्ही विचारलं, तर उत्तर मिळालं, "आधी सांगायला हवं होतं. आता पेशंट पैसे भरणारा म्हणून लागलाय." मग कागद बघायला बसलो. आजींचं नाव धाकट्याच्या रेशनकार्डावर नव्हतंच. ते थोरल्याच्या कार्डावर होतं, आणि थोरला दहा वर्षांपूर्वी कार्डासकट पिंपरीला गेलेला. आजींचं खरं वय ७४. आधारवर ६८. म्हणजे ७० वर्षांवरच्यांचं जे वेगळं कार्ड निघतं, तेही निघालेलं नाही.

गेलेले पैसे परत आले नाहीत, येणारही नव्हते. या योजनेत आधी बिल भरायचं आणि मागाहून सरकारकडून पैसे मागायचे, अशी सोयच नाही. दवाखान्यात दाखल होताना योजनेतून दाखल झालात तर पैसे लागत नाहीत. पैसे भरणारा पेशंट म्हणून दाखल झालात, तर बिल तुमचं. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे त्या घराचा वर्षभराचा संसार मागे गेला. म्हणून आज हे बोलणं.

आधी योजना कुठली, ते थोडक्यात. आपल्याकडे मोठी माणसं अजूनही "जीवनदायी" म्हणतात, ते खोटं नाही. २ जुलै २०१२ ला राज्यातल्या ८ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी ती सगळ्या राज्यात आली आणि २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. २०२० पासून आपल्या राज्यात या दोन्ही एकत्र चालतात. त्यामुळे दवाखान्यात कोणी फुले योजना म्हणेल, कोणी आयुष्मान म्हणेल, टेबल बहुतेक एकच असतं. पूर्वी राज्याच्या योजनेत फक्त पिवळं आणि केशरी कार्ड चालायचं आणि दीड लाखापर्यंत उपचार व्हायचे. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डाचीही घरं त्यात आली आणि मर्यादा एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपये झाली. शासकीय वृद्धाश्रमात राहणारे म्हातारे आणि शासकीय महिला आश्रमातल्या बायकाही यात धरलेल्या आहेत, मग त्यांच्याजवळ रेशनकार्ड नसलं तरी.

यात "कुटुंब" म्हणजे कोण, ते लक्षात घ्या. तुम्ही एका चुलीवर जेवता म्हणून कुटुंब होत नाही. रेशनकार्डावर ज्यांची नावं आहेत, ते कुटुंब. आणि म्हाताऱ्या माणसांची गोची नेमकी इथेच होते. वाटण्या होतात, मुलं विभक्त कार्डं काढतात. आईबाप चार महिने याच्याकडे, चार महिने त्याच्याकडे. त्यांचं नाव कुठल्या कार्डावर राहिलं, हे कोणी बघत नाही, कारण धान्य मिळतंय तोवर बघायची गरज पडत नाही. दिव्यांग बहिणीचंही तसंच. लग्न झालं नाही, आईबाप गेले, ती भावाकडे राहते. भावाच्या कार्डावर तिचं नाव कोणी चढवलेलंच नसतं. ती घरात असते, पण कागदावर कुठेच नसते.

आता नाव दुसऱ्या कार्डावर आहे म्हणून लगेच तहसीलला धावू नका. योजना राज्यभर चालते. पिंपरीच्या कार्डावर नाव असलं तरी आपल्या तालुक्यातल्या योजनेतल्या दवाखान्यात ते कार्ड चालतं. थोरल्याकडून कार्डाची नीट झेरॉक्स मागवा, कार्डाचा १२ आकडी नंबर लिहून घ्या आणि दोन्ही आजींच्या पिशवीत ठेवा. नाव बदलायचंच असेल तर एक काळजी घ्या. आधी एका कार्डावरून नाव कमी होतं, त्याचा दाखला मिळतो आणि मग दुसऱ्यावर चढतं. आम्ही अशी घरं पाहिली आहेत, जिथे नाव कमी केलं, दाखला कपाटात ठेवला आणि पुढचा अर्ज राहूनच गेला. म्हातारी दोन्हीकडून गेली. दोन्ही अर्ज एकापाठोपाठ द्या आणि पोच घ्या. रेशनची ई-केवायसी राहिली असेल तर तीही करून घ्या. रेशन दुकानात अंगठा लागत नसेल, तर मोबाइलवर चेहरा दाखवून करायची सोय आहे.

अंगठ्याचं बोलूच जरा. ज्या बाईने चाळीस वर्षं खुरपं धरलं, ऊस तोडला किंवा विड्या वळल्या, तिच्या बोटांवर रेषा राहतात कुठे? मशीन लाल दिवा दाखवतं आणि समोरचा मुलगा म्हणतो, "आजी, नीट दाबा." आजी काय, जीव एकवटून दाबते. यात तिची काही चूक नाही. आयुष्मान कार्डाची ओळख पटवताना अंगठा हा एकच रस्ता नाही. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, डोळ्यांच्या बुबुळांवरून होते आणि चेहऱ्यावरूनही होते. "अंगठा लागत नाही, जा," असं कोणी म्हटलं तर "चेहऱ्यावरून करा," असं ठामपणे सांगा. ओटीपीसाठी आजींच्या आधारला कोणाचा मोबाइल जोडला आहे, ते आधीच बघून ठेवा. पुष्कळदा तो बंद पडलेला नंबर असतो किंवा ज्या नातवाने दिला तो नोकरीला सुरतेला गेलेला असतो.

आता ७० वर्षांच्या कार्डाबद्दल. २९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राने आयुष्मान भारतमध्ये ७० आणि त्यापुढच्या वयाच्या सगळ्यांना घेतलं. या कार्डाला आयुष्मान वय वंदना कार्ड म्हणतात. याला उत्पन्नाची अट नाही. जमीन किती, घर पक्कं की कच्चं, मुलगा काय कमावतो, काही विचारत नाहीत. लागतं फक्त आधार, आणि वय आधारवरूनच धरतात. घरातल्या ज्येष्ठांसाठी वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. घर आधीच आयुष्मान योजनेत असेल तर हे ५ लाख ज्येष्ठांसाठी वेगळे, ते घरातल्या इतरांनी वापरायचे नसतात. सासूसासरे दोघंही सत्तरीपुढचे असतील तर दोघांत मिळून ५ लाख. आधीपासूनचा आजार आहे म्हणून नाही म्हणत नाहीत आणि कार्ड काढल्यावर थांबावंही लागत नाही. साखरेचा, दम्याचा, हृदयाचा जुना आजार असलेल्या माणसालाही पहिल्या दिवसापासून चालतं. खाजगी विम्यात म्हाताऱ्या माणसाला दारात उभं करत नाहीत, त्या मानाने ही मोठी गोष्ट आहे.

पण आधारवरचं वय! आपल्या आईच्या, सासूच्या पिढीला जन्मतारीख विचारली तर उत्तर काय मिळतं? "मोठा दुष्काळ पडला तेव्हा मी रांगत होते." आधार काढणाऱ्याने अंदाजाने वर्ष टाकलं आणि तारीख टाकली १ जानेवारी. एकेका वाडीत सगळ्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जानेवारीला येतो, ते यामुळे. वर्ष बरोबर असेल तर १ जानेवारीने काही अडत नाही. वर्षच पाच-सहा वर्षांनी चुकलं असेल तर मात्र कार्ड तितकी वर्षं लांबतं. आधारवरची जन्मतारीख एकदाच दुरुस्त करता येते. म्हणून आधी जुना कागद शोधा. चौथीपर्यंत शाळेत गेली असेल तर शाळेच्या रजिस्टरात नाव सापडतं, आणि ते काढून आणायला गटातली एखादी शिकलेली मुलगी पाठवा. कागद हातात असेल तरच आधार केंद्रावर जा. आणि हे खऱ्या वयासाठीच करा. पासष्टीच्या माणसाला सत्तरीचं करायच्या नादाला लागू नका. पुढे पगार, पेन्शन, बँक सगळीकडे ते नडतं.

कार्ड काढायला फी नाही. मोबाइलच्या आयुष्मान अ‍ॅपवर घरीही निघतं. आशाताई, आपले सरकार सेवा केंद्र किंवा योजनेतला दवाखाना, कुठेही काढून मिळतं. गावात कोणी गाडी घेऊन आला आणि माणशी इतके रुपये म्हणाला, तर त्याला पाणी पाजून वाटेला लावा.

समजा, कार्ड आहे आणि माणूस आजारी पडला. आता काय? दवाखान्याच्या दारात गेल्यावर पहिलं वाक्य हे म्हणायचं: "आरोग्यमित्र कुठे बसतात?" योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र नेमलेला असतो. डॉक्टरांच्या आधी नाही तर निदान बिलाच्या खिडकीच्या आधी तरी त्याला गाठा. तो कार्ड आणि ओळखपत्र बघून नोंद करतो. डॉक्टर तपासून कुठला उपचार लागेल ते ठरवतात आणि दवाखाना ऑनलाइन मंजुरी मागतो. मंजुरी आली की खाट, डॉक्टर, ऑपरेशन, औषधं, तपासण्या, पेशंटचं जेवण, सुट्टीनंतर काही दिवसांची औषधं आणि फेरतपासणी, एवढं सगळं त्यातच येतं. घरी परतायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही राज्याच्या योजनेत धरलेलं आहे. हे शेवटचं फार थोड्यांना ठाऊक असतं आणि फार थोडे मागतात.

हार्टचा झटका, अपघात, लकवा अशा वेळी मंजुरीची वाट बघत बसायचं नसतं. तातडीची मंजुरी फोनवरूनही होते, उपचार सुरू होतात आणि कागद मागाहून देता येतात. पण त्यासाठीही "आम्ही योजनेतले आहोत" हे दाखल होतानाच सांगितलेलं हवं. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा, ती रुग्णवाहिका फुकट आहे.

अजून एक. पाटी आहे म्हणून सगळे आजार तिथे होतील असं नाही. एखादा दवाखाना हाडांसाठी योजनेत असतो, हृदयासाठी नसतो. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत. म्हणून "तुम्ही योजनेत आहात का?" एवढंच विचारू नका. "या आजारासाठी योजनेत आहात का?" असं विचारा. घरातूनच विचारायचं असेल तर राज्याच्या योजनेचा फोन १५५३८८ किंवा १८००२३३२२०० आणि आयुष्मानचा १४५५५. तिन्हींना पैसे पडत नाहीत. योजनेतून दाखल केल्यावर कोणी वर पैसे मागितले, "हे औषध योजनेत नाही, बाहेरून आणा" म्हटलं, तर पैसे द्यायच्या आधी तिथूनच या नंबरवर फोन करा. द्यावेच लागले तर पक्की पावती घ्या. पावतीशिवाय तक्रारीला पाय नसतात. आम्ही एकदा असा फोन दवाखान्याच्या व्हरांड्यात, जरा मोठ्या आवाजात केला होता. पलीकडून कोणी उचलायच्या आतच आतून निरोप आला की औषध सापडलं.

आता या योजनेत काय बसत नाही, ते. तिचे उपचार मुख्यतः दाखल होण्याचे. बीपीची रोजची गोळी, साखरेची तपासणी, गुडघ्याचं दुखणं, चष्मा, कानाचं मशीन हे त्यात नाही. आणि खरं सांगायचं तर म्हाताऱ्या माणसाचा खर्च खुब्याच्या हाडापेक्षा या रोजच्या गोळ्यांतच जास्त जातो. महिन्याला हजार-दीड हजार हळूच जातात. मग घरातली बाई म्हणते, "एक दिवसाआड देते." बीपीची गोळी एक दिवसाआड दिली की वर्षा-दोन वर्षांत लकव्याचा पेशंट घरात येतो. हे आम्ही भीती घालायला म्हणत नाही, वाडीत बघितलेलं आहे.

यासाठी रस्ता सरकारी दवाखान्याचा आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत आहे. आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, सिव्हिल, सगळीकडे. यात रेशनकार्डाचा रंग बघत नाहीत, वयही बघत नाहीत. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं मात्र वेगळ्या खात्याची, तिथे हा नियम लागू नाही. बीपी आणि साखरेच्या गोळ्या उपकेंद्रावर आणि आरोग्य केंद्रात महिन्याच्या महिन्याला मिळतात. मोतीबिंदूचं ऑपरेशनही सरकारी रुग्णालयात मोफत होतं. "गोळ्या संपल्यात" असं उत्तर मिळतं, हेही आम्हाला माहीत आहे. एकटी आजी विचारते तेव्हा ते उत्तर सोपं असतं. ग्रामसंघाच्या पाच बायका केसपेपर घेऊन उभ्या राहिल्या आणि आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी दिलं, की गोळ्या येतात.

चष्मा, कानाचं मशीन, काठी, वॉकर, कमोडची खुर्ची, कमरेचा पट्टा यांसाठी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. ६५ वर्षं पूर्ण आणि घरचं उत्पन्न वर्षाला २ लाखांच्या आत असेल तर एकदाच ३,००० रुपये आजींच्या बँक खात्यात येतात. खातं आधारला जोडलेलं पाहिजे. आलेल्या पैशांतून वस्तूच आणा. दिवाळीला ते तेलात गेले अशी उदाहरणं आहेत आणि सून म्हणून तुम्हाला तो मोह होणारच, पण आजींना पहाटे मोरीपर्यंत नेणारी काठी महत्त्वाची आहे.

दिव्यांगांबद्दल बोलताना एक गैरसमज आधी काढून टाकू. दिव्यांगांचं ओळखपत्र, ज्याला यूडीआयडी म्हणतात, ते विमा कार्ड नाही. ते दाखवलं म्हणून ऑपरेशन फुकट होत नाही. दिव्यांग माणसाला दाखल होण्याचे उपचार मिळतात ते कुटुंबातला एक म्हणून, त्याच ५ लाखांतून. म्हणून पुन्हा तेच, रेशनकार्डावर नाव. मग यूडीआयडी कशासाठी? कृत्रिम पाय, तीनचाकी, कानाचं मशीन, निराधार योजनेचं अनुदान, एसटीची सवलत अशी पुष्कळ दारं त्याने उघडतात. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात लिहिलं आहे की तपासणीत आणि उपचारात दिव्यांग व्यक्तीला अग्रक्रम द्यायचा. म्हणजे तीन तासांच्या रांगेत लेकराला कडेवर घेऊन उभं राहायचं नाही. पुढे जायचं आणि कार्ड दाखवायचं. मागचे कुरकुरतील, कुरकुरू द्या.

त्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता आहे. हातपाय आणि डोळे-कान तर आहेतच, पण मानसिक आजार, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, बरा झालेला कुष्ठरोग आणि हात थरथरण्याचा पार्किन्सनचा आजारही आहे. गडचिरोली, नंदुरबारकडच्या आमच्या मैत्रिणींना सिकलसेल काय ते सांगायला नको. बहुतेक सवलतींना निदान ४० टक्के दिव्यांगता लागते. आता विचार करा, सासऱ्यांना लकवा होऊन एक बाजू गेली, आजींना दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, चुलत सासूबाईंची नजर पार गेली. आपण म्हणतो, "वय झालं, असं व्हायचंच." वय झालं हे खरं, पण कायद्याने ती दिव्यांगता आहे आणि तपासणीत टक्केवारी बसली तर प्रमाणपत्र मिळतं. आपल्या गावात फॉर्म भरले जातात ते बहुतेक तरुण मुलांचे. म्हातारी माणसं त्यात कोणी मोजतच नाही.

अर्ज आधी ऑनलाइन करावा लागतो, स्वावलंबन नावाच्या पोर्टलवर. मग तपासणी सिव्हिलला, काही ठिकाणी उपजिल्हा रुग्णालयात. कुठल्या वारी कुठल्या डॉक्टरांची तपासणी आहे ते फोन करूनच निघा. कानाचे डॉक्टर ज्या दिवशी नाहीत त्या दिवशी बहिऱ्या आजीला साठ किलोमीटर नेऊन परत आणण्याचं पाप आम्ही एकदा केलेलं आहे. ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, आपल्या बायकांनाही अर्धं. दिव्यांगांना मोठी सवलत आहे. भाड्याचं निभतं. पण कमरेतून वाकलेल्या माणसाला एसटीची पायरी चढवायला दोन माणसं लागतात, ती गटानेच द्यायची.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा एकाहून जास्त दिव्यांगता असेल, तर केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय नावाची विमा योजना आहे. वर्षाला १ लाखापर्यंत. हिचं वेगळेपण असं की दाखल न होता घेतलेले उपचार, फिजिओथेरपी, बोलण्याची थेरपी यांचेही पैसे मिळतात, आणि वयाची अट नाही. चाळिशीतल्या मुलाची साठीतली आई काढू शकते. इथे मात्र उलटा नियम आहे. आधी खर्च करायचा, बिलं जपायची आणि मग मागायचे. फुले योजनेत बिलाचा उपयोग नाही, निरामयमध्ये बिलाशिवाय काही नाही. थोडी फी भरून दरवर्षी ती चालू ठेवावी लागते, नाही तर बंद पडते.

आणि आपल्या ग्रामपंचायतीला विसरू नका. स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी तिने दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. पुष्कळ गावांत तो मार्च महिन्यात आठवतो आणि सगळ्यांना सारखी भांडी किंवा घोंगड्या वाटून संपवतात. ज्या मुलीला फिट्सची गोळी रोज लागते तिला घोंगडीचं काय? ग्रामसभेत हात वर करून विचारा, यंदा निधी किती जमला आणि कशावर खर्च होणार.

मोठ्या शहरात न्यायची वेळ आली आणि ते धर्मादाय रुग्णालय असेल, तर आणखी एक आधार आहे. अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो दाखला माणूस अतिदक्षता विभागात असताना काढायला निघू नका, आत्ताच काढून ठेवा.

आता गेल्या आठवड्यात आलेला एक प्रश्न. एका ताईंनी विचारलं होतं, "माझे सासरे फौजेतून रिटायर झालेत, वय ७२. वय वंदना कार्ड काढू का?" आपल्या भागात फौजी घरं पुष्कळ, म्हणून उत्तर सगळ्यांसाठी. माजी सैनिकांची ईसीएचएस योजना ज्यांना आहे, त्यांना ती किंवा आयुष्मान यांतली एकच निवडावी लागते. कार्ड नवीन निघतंय म्हणून घाईने निवडू नका. ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमध्ये रोजच्या गोळ्याही मिळतात, आयुष्मानमध्ये त्या नाहीत. सासऱ्यांना बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या चालू असतील तर आहे तेच राहू द्यावं, असं आम्हाला वाटतं. आणि ज्यांचा मुलगा कारखान्यात आहे आणि ईएसआयचं कार्ड आहे, किंवा ज्यांनी खाजगी विमा काढला आहे, त्या घरातल्या सत्तरीपुढच्यांनी मात्र खुशाल काढावं. त्यांना दोन्ही चालतं.

त्या आजी आता काठी घेऊन अंगणात येतात. जुन्या शाळेच्या रजिस्टरात त्यांचं नाव सापडलं, तिसरीच्या वर्गात, माहेरच्या आडनावाने. पुढच्या सोमवारी त्यांना आधार केंद्रावर न्यायचं आहे. रिक्षा ठरली आहे, एक जागा शिल्लक आहे. कोणाच्या सासूबाईंचं वय चुकलं असेल तर रविवारच्या आत कळवा.